आगोटीचं सरपण : कोरडं लाकूड कोणाच्या घरात होतं?

मे महिना संपत आला की बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात अजूनही आगोटीची गडबड दिसते. सुकट, बोंबील, मिरच्या, हळद, कांद्याच्या माळा, ताडपत्री, खिडकीला लावायचं प्लास्टिक. पावसाआधी भरून ठेवायच्या वस्तूंची ही यादी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पण त्या यादीतलं सगळ्यात वरचं एक नाव गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत असं पुसलं गेलंय, की आज तिशीतल्या माणसाला ते मुद्दाम सांगावं लागतं. सरपण. लाकूडफाटा.

बाहेरच्या जगात लाकडाची बेगमी म्हटली की थंडी आठवते. नॉर्वे असो, कॅनडा असो, नाहीतर आपलं काश्मीर आणि हिमाचल, तिथे उन्हाळाभर लाकूड फोडून रचायचं ते बर्फात घर गरम ठेवण्यासाठी. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या चार रात्री अंगणात शेकोटी. बदलापूरचा पारा मुंबईपेक्षा चांगला खाली उतरतो हे खरं, पण त्यासाठी कुणी घर भरून लाकूड साठवलं नाही. इथली भीती पावसाची होती. चार महिने आभाळ फाटलेलं असताना चूल पेटती कशी ठेवायची, हा प्रश्न होता.

हा प्रश्न घरातल्या बायकांचा, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याला जागा नाही. पण नीट बघितलं तर उल्हास आणि वालधुनीच्या खोऱ्यातला गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका गोष्टीभोवती मांडता येतो. जून लागताना कोरडं लाकूड कोणाच्या घरात आहे? ज्याच्याकडे होतं तो घरवाला, जमीनवाला, दुकानवाला. ज्याने ते डोंगरातून तोडून, डोक्यावर वाहून आणलं, त्याच्या झोपडीत श्रावणात चूल धुमसत होती. यात नशिबाचा भाग कमी. कायदा, कर्ज आणि छप्पर या तिघांनी मिळून ते ठरवलं.

आधी लाकडाचं गणित सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. किलोभर ओलं लाकूड चुलीत घातलं की आग आधी त्यातलं अर्धा लिटर पाणी उकळत बसते आणि मग तुमच्या भाताकडे बघते. आच कमी, धूर जास्त. तेच लाकूड फोडून, उन्हात टाकून, वारा खेळेल असं रचून दोन-तीन महिने ठेवलं तर त्यातलं पाणी पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं. पण आपल्या हवेची अडचण अशी की हे मिळवलेलं कोरडेपण टिकत नाही. जुलै-ऑगस्टची हवा इतकी दमट, की पावसाचा थेंबही न लागता लाकूड हवेतलं पाणी परत पितं. म्हणून नुसतं वाळवून भागत नव्हतं, वाळवलेलं सांभाळावंही लागायचं. पहिल्याला ऊन लागतं, ते सगळ्यांना फुकट. दुसऱ्याला छप्पर लागतं, आणि ते मात्र सगळ्यांकडे नसतं.

किती लाकूड लागायचं? एका घराला दिवसाला पाच किलो धरलं, तरी जून ते सप्टेंबर मिळून सहाशे किलो होतं. डोक्यावरची एक मोळी वीस-पंचवीस किलोची. म्हणजे एका घराच्या एका पावसाळ्याला पंचवीस-तीस मोळ्या. त्यात आंघोळीचं पाणी तापवणं, बाळंतिणीची शेक-धुरी, गौरी-गणपतीचा स्वयंपाक आला की आकडा आणखी वर. एवढं लाकूड कोरडं ठेवायचं म्हणजे घराचा एक कोपरा चार महिने त्याला द्यायचा.

त्यामुळे जुनी घरं बघा, ती लाकूड साठवायच्या हिशेबाने बांधलेली दिसतात. मागची पडवी, खोल वळचण, स्वयंपाकघरावरचा माळा. जाड फाटे पडवीत, भिंतीपासून वीतभर सोडून, खाली दगड किंवा दोन आडवे ओंडके घालून रचायचे, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीचा सुगावा लागतो. बारीक काटक्या, ढलप्या आणि शेणी माळ्यावर. चुलीच्या बरोबर वरच्या माळ्यावर ठेवलेलं सरपण हे घरातलं सगळ्यात उत्तम सरपण, कारण खालचा धूर आणि ऊब त्याला रोज दोन वेळा वाळवत असते. त्या धुराने कीडही लागत नाही. उद्याचं लाकूड आजच्या चुलीशेजारी उभं करून ठेवायचं, ही तर रोजची रीत. अगदी झड लागली, आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही, की माळ्यावरचं काढायचं. तोवर त्याला हात लावायचा नाही. हा नियम सासूने सुनेला सांगायचा आणि सुनेने मोडायचा, असंही घरोघरी चालायचंच.

कुठलं लाकूड, यालाही अक्कल लागायची. ऐन, धावडा, खैर, बाभूळ, चिंच ही जड लाकडं. फोडताना घाम काढतात, पण निखारा धरून राहतात. सावर, पांगारा, शेवगा हे हलके, भुसभुशीत, भुर्रकन जळून राख. साग तोडायची सोय नव्हती, तो सरकारचा. गोल ओंडका सालीसकट ठेवला तर आतलं पाणी महिनोन् महिने आतच राहतं, म्हणून तो आधी उभा चिरायचा, साल निघेल तेवढी काढायची. सगळं तोडकाम पानगळीनंतर. माघ-फाल्गुनात तोड, चैत्र-वैशाखात वाळवण, रोहिण्या लागायच्या आत माळ्यावर. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही, असं जुने लोक सांगतात. त्यात तथ्य किती ते बाजूला ठेवू, पण त्यामुळे तोडीला एक वेळापत्रक आपोआप यायचं. आणि मधे होळी! ज्या पंधरवड्यात घरचं सरपण वाळायला अंगणात पडलेलं, नेमकं तेव्हाच गावातली पोरं होळीसाठी लाकडं पळवायला निघायची. राखण करणाऱ्या म्हाताऱ्या आणि पोरं यांच्यातलं हे युद्ध पिढ्या बदलल्या तरी संपलं नाही.

आता मोळी कोण आणत होतं?

अंबरनाथ-बदलापूरच्या पाठीशी मलंगगड, टवली, माथेरानची रांग उभी आहे. त्या रांगेच्या पायथ्याला ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या. कातकरी हे नावच कातावरून आलंय. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात करणारे ते कातकरी. जंगलावर सरकारी पहारा बसला, खैर तोडायला परवानगी आणि पैसे लागायला लागले, तसा तो धंदा हातातून गेला. मग उरलं काय? मजुरी, मोळी आणि कोळशाची भट्टी. पहाटे डोंगर चढायचा, दुपारपर्यंत मोळी बांधायची, आणि बाजाराच्या गावात नाहीतर स्टेशनात येऊन विकायची. विकणारी बहुतेक बाई. घासाघीस करणारीही बाईच, फक्त तिच्या डोक्यावर ओझं नाही.

यातला खरा पेच वेळेचा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. लाकूड स्वस्त असतं फाल्गुन-चैत्रात, कारण तेव्हा सगळेच तोडतात. ते महाग होतं आषाढात. आता ज्याच्याकडे पडवी आहे, तो चैत्रात घेतो आणि आषाढात निवांत बसतो. जी ते विकते, तिला चैत्रातच पैसे हवेत, कारण घरातलं धान्य तेव्हाच संपतं. समजा तिने नाही विकलं, साठवायचं ठरवलं, तर ठेवणार कुठे? कारवीच्या कुडाची झोपडी, वर गवताचं छप्पर, एकच खोली. तीत माणसं झोपतील की तीस मोळ्या? म्हणजे उन्हाळ्यात तिच्या हातून शेकडो किलो सुकं लाकूड जायचं, आणि पावसात तीच बाई रोज पडेल ते भिजकं लाकूड आणून चुलीशी शेकवत बसायची. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं एका घरात जळलं आणि ओलं दुसऱ्या.

पावसाळ्यात रोजगार नाही, धान्य नाही. मग सावकाराकडून किंवा भट्टीच्या ठेकेदाराकडून खावटी उचलायची. चार पायली भात आज, आणि त्याच्या बदल्यात दिवाळीनंतर आख्खं कुटुंब कोळशाच्या भट्टीवर. ते थेट पुढच्या पावसापर्यंत. असा हा फेरा. पुढे १९७८ मध्ये सरकारनेच आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना काढली, यावरून हा शब्द आणि हा उपास किती खोल मुरलेला होता ते समजतं.

कायद्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात हा सगळा भाग ठाणे जिल्ह्याचा कल्याण तालुका. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला आली, १८५६ मध्ये बदलापूर-नेरळ-कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोचली. डोंगरातलं लाकूड आणि कोळसा आता सरळ मुंबईच्या चुलीपर्यंत जाऊ शकत होता. मुंबई वाढत होती, तिची भूक वाढत होती, आणि रुळांना स्लीपर लागत होते. त्याच काळात सरकारला जंगल वाचवायची काळजी वाटू लागली. योगायोग म्हणायचा का? मी म्हणणार नाही. १८७८ चा वन कायदा आला. जंगलाची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी झाली, आणि काल जी वहिवाट होती ती आज सवलत झाली. सवलत म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवर. राखणदाराला खूश ठेवलं तर मोळी, नाहीतर कोयता जप्त.

शेतकऱ्याचं दुखणं वेगळं पण त्याच फांदीचं होतं. आपल्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायची पद्धत आहे, राब म्हणतात तिला. शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या, गवत आणि वर माती असे थर द्यायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी पेटवायचे. त्यासाठी भातखाचरांना जोडून वरकस जमीन असायची. आता हिशेब बघा, एप्रिलमध्ये तोडलेल्या एका ऐनाच्या फांदीवर तीन दावे. राबाला ती हवी, चुलीला हवी, आणि वनखात्याला ती झाडावरच हवी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून यावरून इतकी ओरड झाली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने ती इतकी लावून धरली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. राब शास्त्रीय की अशास्त्रीय, फांद्या छाटल्याने झाड मरतं की नाही, याचा त्यात मोठा खल आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढलेच होते. त्यांचा रोख गुराढोरांच्या चराईवर जास्त होता, पण दुखणं एकच.

या सगळ्या वादात जमीनवाल्याला निदान तोंड होतं. अर्ज लिहायला वकील होते, सभा होत्या. वरकस जमिनीवरचं झाड त्याचं, असं म्हणायला कागद होता. कातकऱ्याकडे कागद नव्हता. कमिशनपुढे राबाची बाजू मांडली गेली तशी मोळीची मांडली गेली नाही, आणि मोळी चोरीच्या मालासारखी लपूनछपून विकायची वस्तू झाली. पुढे १९२७ चा वन कायदा आला, त्याने हीच घडी पक्की केली.

मधेच अंबरनाथची एक गंमत सांगतो, विषयाला सोडून नाही. १९२२ मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवर जबर आयातकर बसवला. तेव्हा स्वीडनच्या काडेपेटी कंपनीने इथेच कारखाने काढायचं ठरवलं आणि १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, जन्माला आली. तिचा अंबरनाथचा कारखाना गेला, पण विम्को नाका अजून आहे. काडेपेटीच्या धंद्यात लाकडाचा नियम घरच्या बरोबर उलटा. ओंडका ओला हवा. तो पेन्सिलला टोक करावं तसा गोल गोल सोलून त्याचे पातळ पापुद्रे काढतात, आणि सुकलेला ओंडका असा सोलला जात नाही, फाटतो. म्हणून ओंडके भिजत ठेवायचे, सोलून काड्या पाडायच्या, आणि मग काड्या वाळवायच्या. त्यासाठी चालतं ते सावरीसारखं हलकं लाकूड, जे चुलीसाठी कुणी विचारत नाही. म्हणजे घरातली बाई ऐन वाळवत होती आणि कारखाना ओंडके भिजवत होता. आणि जुलैत त्या बाईची काडेपेटी सादळली, की दोघांचेही कष्ट पाण्यात. काडेपेटी पिठाच्या डब्यात नाहीतर चुलीच्या कोनाड्यात का ठेवायचे, ते आता लक्षात येईल.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं. मोटारी, बस कोळशाच्या गॅसवर चालवायला लागले. मागे भट्टी जोडलेल्या त्या गाड्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. कोळशाला सोन्याचे दिवस आले, ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांवर ठेकेदार तुटून पडले. त्या सोन्यातलं तोडणाऱ्याला काय मिळालं? जानेवारी १९४५ मध्ये इथून जवळच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. डहाणू-तलासरीकडून वारली आले होते. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी उभं केलेलं आंदोलन आपण वेठबिगारीविरुद्धचं म्हणून ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात जंगलतोडीच्या मजुरीचाही प्रश्न होता. डी. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात आदिवासींची ठेकेदार आणि सावकारांकडून होणारी पिळवणूक मांडून ठेवलेली होती. १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्था काढल्या. तोडीचे कूप ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्याच संस्थेला द्यायचे, अशी कल्पना. चांगली कल्पना. काही ठिकाणी चालली, काही ठिकाणी जुनाच ठेकेदार संस्थेचा सेक्रेटरी होऊन बसला. महाराष्ट्रातल्या सहकाराला हे काही नवीन नाही, असो.

आणि याच सुमारास आपल्या खोऱ्यात एक अशी गोष्ट घडली जिने सरपणाचं सगळं गणित उलटंपालटं केलं.

युद्धासाठी कल्याणजवळ लष्कराने तात्पुरत्या छावण्या उभारल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना त्या रिकाम्या बराकींत उतरवलं. पाच कॅम्प, सुमारे एक लाख माणसं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं. तारीख बघा. ऑगस्टची आठ, म्हणजे भर पावसाळा. निर्वासितांचा हा दुसरा पावसाळा होता.

ही माणसं कुठून आली होती? शिकारपूर, सक्कर, लारकाना. वरच्या सिंधमध्ये वर्षाला चार-पाच इंच पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा एका दिवसात पडतो. तिथल्या घरात थंडीसाठी बेगमी करायची सवय होती, आगोट हा शब्दच त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. आणि माहीत असता तरी काय? बराकीत पोती आणि चादरी लावून एकेका कुटुंबाने आपली हद्द आखलेली. पडवी नाही, माळा नाही, परस नाही. डोंगराशी वहिवाट नाही, राखणदाराची ओळख नाही, उधार देणारा वखारवाला नाही. व्यापार केलेली, घरदार असलेली माणसं एका फटक्यात त्या कातकरी बाईच्या रांगेत येऊन बसली. लाकूड रोजच्या रोज विकत घ्यायचं, पावसाळ्यातल्या भावाने, आणि तेही ओलं.

एक ढोबळ हिशेब मांडतो. लाख माणसं म्हणजे वीस हजार चुली. त्यातल्या निम्म्या रॉकेल आणि दगडी कोळशावर गेल्या असं धरा. उरलेल्या दहा हजार चुलींना रोज पाच किलो, म्हणजे दिवसाला पन्नास टन लाकूड. मलंगाच्या रांगेतला डोंगर असा बोडका कसा झाला याला ठेकेदार जबाबदार, कोळसा जबाबदार, पण शहराची ही भूकही मोजायला हवी. निर्वासितांना त्याचा दोष देणं मात्र अन्याय होईल. कॅम्पात माणसं उतरवताना चुलीत काय जळणार हा विचार करण्याचं काम त्यांचं नव्हतं.

या अडचणीतून बाहेर काढणारी एक वस्तू माझ्या मते स्मारक करण्याच्या लायकीची आहे. भुशाची शेगडी. लाकडाच्या गिरणीत पडणारा भुसा तेव्हा जवळजवळ फुकट मिळायचा, आणि उल्हासनगरात फर्निचरचा धंदा वाढला तसा तो हवा तेवढा मिळू लागला. पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा, खाली बाजूला भोक पाडायचं. त्या भोकातून एक दांडा आडवा आत सरकवायचा, मधोमध एक बाटली उभी धरायची, आणि भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली हलकेच फिरवत वर काढायची, दांडा ओढून घ्यायचा. मधे धुराडं तयार. खालून कागदाचा बोळा पेटवून सरकवला की तो भुसा आतून आतून तास न् तास जळत राहतो. डाळ शिजते, पाणी तापतं, आणि जागा किती? एका डब्याची. भुसा पोत्यात भरून कॉटखाली ठेवता येतो. ज्या घरात माळा नाही त्या घराची ही आगोट. फक्त ठोकणं नीट जमायला हवं. भुसा सैल राहिला की मधेच ढासळतो आणि खोलीभर धूर. हे काम घरातल्या मोठ्या पोराकडे असायचं आणि ढासळलं की मारही त्यालाच.

अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींतही ही शेगडी होती. सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीबाहेर भुशाची पोती घेऊन उभी राहणारी मुलं हे नेहमीचं दृश्य होतं.

यापुढचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर. वातीचा आणि पंपाचा स्टोव्ह, रेशनचं निळं रॉकेल, रांगेत ठेवलेले डबे. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यात रॉकेलही होतं. मुंबईत बर्मा शेलचा बर्शेन गॅस पन्नासच्या दशकातच आला होता, पण आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात सिलिंडर पोचायला पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली. गॅसचा नंबर लागला हे लग्न ठरल्यासारखं पेढे वाटून सांगायचे. आणि मग माळे गेले. पडव्या बंद करून खोल्या काढल्या. वखारींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आज या तिन्ही शहरांत पावसाळ्याआधी लाकूड भरून ठेवणारी ठिकाणं बोटावर मोजावीत. स्मशानभूमी, जिथे एका दहनाला तीनेकशे किलो लागतं आणि ते ओलं असून चालत नाही. काही भट्ट्या, काही बेकऱ्या. मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं.

शहरापुरती गोष्ट इथे संपते. डोंगराच्या पायथ्याला संपत नाही.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. वाड्यांमधून शेगड्या आणि सिलिंडर पोचले, ही साधी गोष्ट नाही, तिची टिंगल करणाऱ्यांनी एकदा श्रावणात ओल्या लाकडाच्या चुलीशी तासभर बसून बघावं. पण पहिलं सिलिंडर मिळणं आणि दुसरं भरून आणणं यात फरक आहे. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी वाढलं, उज्ज्वलाच्या घरांनाही वाढलं. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कुटुंबाला ही रक्कम एकदम काढता येत नाही. मोळी मात्र रोजची रोज, पैशाशिवाय मिळते.

मिळते म्हणजे कशी? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी दिली. त्या व्याख्येत बांबू आहे, झुडपी लाकूड आहे, बुंधे आहेत, मध, मेण, लाख, तेंदूपान आहे. सरपण हा शब्द नाही. निस्ताराचा सामूहिक हक्क कायद्यात आहे, त्यात सरपण येतं असं म्हणता येतं, पण त्यासाठी त्या गावाचा सामूहिक दावा दाखल व्हायला हवा, मंजूर व्हायला हवा, आणि तो कागद त्या बाईच्या हातात हवा. १८८५ मध्ये तिच्याकडे कागद नव्हता. आज कायदा तिच्या बाजूने आहे, आणि तरी मोळी घेऊन उतरताना तिची नजर वाटेवर कोण उभं आहे ते शोधते. बदलापूर-वांगणीच्या बाजूला ज्या ग्रामपंचायती आणि कार्यकर्ते सामूहिक दाव्यांचं काम करतात, त्यांनी दाव्यात सरपण हा शब्द स्पष्ट लिहावा, कुठल्या डोंगरातून आणि कुठल्या महिन्यांत ते आणलं जातं हेही लिहावं. एका ओळीचं काम आहे.

दरम्यान वाड्यांमधल्या बायकांनी आपली आगोट नव्याने बसवली आहे. ऑक्टोबर ते मे चूल. सुकं लाकूड आहे तोवर गॅसला हात लावायचा नाही. मे महिन्यात मोळ्या विकून, मजुरीतून उरवून एक सिलिंडर भरून आणायचं आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवायचं. झड लागून लाकूड पेटेनासं झालं की ते काढायचं, आणि त्यावर जमेल तितके आठवडे रेटायचं.